तीन अमीन, एक शेपूट : इन्सुलिन डेटेमिरमधल्या निवडक बदलाचा प्रकरण अभ्यास

इन्सुलिनच्या रेणूला चौदा कार्बनचं एक मेदाम्ल जोडायचं. एकच जोडायचं, आणि ठरलेल्या जागीच जोडायचं. मागणी एवढीच होती.

तिच्यामागचं कारण दवाखान्यातलं आहे. साधं मानवी इन्सुलिन त्वचेखाली टोचलं की काही तासांत त्याचा जोर ओसरतो. मधुमेहाच्या रुग्णाला जेवणाच्या वेळचं इन्सुलिन वेगळं लागतं आणि दिवसरात्र मंदपणे काम करत राहणारं वेगळं. या दुसऱ्या कामासाठी 1950 च्या आसपासपासून एनपीएच इन्सुलिन वापरात होतं. प्रोटामिन नावाच्या प्रथिनाबरोबर स्फटिक करून बसवलेलं, दिसायला गढूळ, टोचण्याआधी बाटली तळहातांत घोळवावी लागणारं. घोळवण्यात हयगय झाली की डोस वर-खाली. डेन्मार्कच्या नोव्हो नॉर्डिस्क कंपनीनं वेगळी वाट धरली. रक्तातलं अल्ब्युमिन मेदाम्लं वाहून नेतं. मग इन्सुलिनलाच मेदाम्लाचं शेपूट लावलं, तर ते अल्ब्युमिनला धरून राहील आणि थोडं थोडं सुटत जाईल. द्रावणही स्वच्छ राहील. त्यातून इन्सुलिन डेटेमिर आलं. युरोपात 2004 मध्ये आणि अमेरिकेत 2005 मध्ये त्याला मंजुरी मिळाली.

शेपूट म्हणजे मायरिस्टिक आम्ल, जायफळाच्या चरबीत भरपूर असणारं. ते मिळवायला काहीच त्रास नाही. जोडायची क्रियासुद्धा जुनीच: अमीन (नायट्रोजन असलेला गट) घ्या, सक्रिय एस्टर (अमीनशी चटकन जुळेल असं रूप दिलेलं मेदाम्ल) घाला, अमाइड बंध (दोघांना जोडणारा पक्का दुवा) तयार. घोळ असा, की इन्सुलिनमध्ये असे मोकळे अमीन एक नाही, तीन आहेत.

तिघे कोण

इन्सुलिनमध्ये 51 अमिनो आम्लं. ए साखळीत 21, बी साखळीत 30. दोन डायसल्फाइड बंध साखळ्यांना एकमेकींशी बांधतात, तिसरा ए साखळीच्या पोटातच आहे. प्रत्येक साखळीच्या सुरुवातीला एक अल्फा-अमीन: ए1 जागी ग्लायसिनचा, बी1 जागी फेनिलॲलानिनचा. तिसरा अमीन बी29 जागच्या लायसिनच्या बाजूच्या साखळीच्या टोकाला, चार कार्बनांच्या लांब हातावर. संपूर्ण रेणूत लायसिन हे एकच. ही नशिबाची गोष्ट म्हणायची, कारण अनेक प्रथिनांत लायसिनं दहा-वीस असतात आणि तिथे हा सगळा खटाटोप कितीतरी अवघड होतो.

हे तिघे पहिल्यांदा एकत्र पकडले गेले ते 1945 मध्ये. केंब्रिजमध्ये फ्रेडरिक सँगर यांनी इन्सुलिनवर फ्लुओरोडायनायट्रोबेंझिन टाकलं. ते मोकळ्या अमीनला चिकटतं आणि पिवळा रंग देतं. मग आम्लात उकळून प्रथिनाचे तुकडे केले आणि पिवळी अमिनो आम्लं वेगळी काढली. तीन निघाली: ग्लायसिन, फेनिलॲलानिन, आणि बाजूच्या अमीनवर पिवळं झालेलं लायसिन. पहिली दोन साखळ्यांची टोकं, तिसरं मधलं. त्या वेळी इन्सुलिनचं रेणूभार 12,000 च्या आसपास धरलं जाई, त्यामुळे सँगर यांच्या हिशेबात साखळ्या चार आल्या. दुप्पट. पण टोकं कोणती हे अचूक सापडलं होतं, आणि पुढच्या दहा वर्षांत त्याच धाग्यावरून इन्सुलिनचा पूर्ण क्रम उलगडला. 1958 चं नोबेल त्यासाठीच.

सँगर यांना निवडकता नकोच होती. जेवढे अमीन असतील तेवढे सगळे रंगवायचे, हाच त्या प्रयोगाचा जीव. डेटेमिरला नेमकं उलट हवं होतं. तोच रेणू, तेच तीन अमीन, आणि त्यातल्या दोघांना हातही लावायचा नाही.

बी29 च का? ए1 चा अमीन इन्सुलिन जिथे ग्राहीला, म्हणजे पेशीवरच्या ज्या प्रथिनाला धरून ते काम करतं त्याला, बसतं त्या भागाजवळ आहे. तिथे काही जोडलं की इन्सुलिनची क्रिया चांगलीच घसरते. बी1 त्या मानानं निरुपद्रवी. फेनिलॲलानिन तिथून काढूनच टाकलं तरी इन्सुलिन काम करतं. बी साखळीची शेवटची दोन-चार अमिनो आम्लंही फार महत्त्वाची नाहीत, आणि लायसिनचा अमीन रेणूच्या काठावर पाण्यात पाय सोडून बसल्यासारखा बाहेर असतो. शिवाय उत्पादनाच्या बाजूनं एक सोय होती. नोव्हो यीस्टमध्ये जे पूर्वरूप बनवतं त्यात बी साखळी 29 पर्यंतच असते, पुढे छोटासा जोडतुकडा आणि मग ए साखळी. लायसिननंतर कापणारं विकर वापरलं की सरळ 30 वं थ्रिओनिन नसलेलं इन्सुलिन हातात येतं. मानवी इन्सुलिन हवं असेल तर ते थ्रिओनिन नंतर मुद्दाम जोडावं लागतं. डेटेमिरमध्ये ती पायरीच गाळली. (यीस्टमधून इन्सुलिन काढण्याचं काम आपल्याकडेही झालं आहे. मुंबईच्या वॉखार्टनं 2003 मध्ये भारतीय बाजारात आणलेलं मानवी इन्सुलिन यीस्टमधलंच, प्रजाती मात्र वेगळी.)

पीकेए, आणि अर्धवट उत्तर

तिन्ही अमीनचे पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मे अमीन प्रोटॉन सोडून मोकळे झालेले असतात तो आकडा, वेगळे आहेत. साधारण आकडे असे: बी1 चा 7.1, ए1 चा 8.4, बी29 चा 11.2. अमीनवर प्रोटॉन बसलेला असेल तर त्याची इलेक्ट्रॉनांची जोडी अडकलेली, तो एस्टरवर हल्ला करू शकत नाही. म्हणजे पीएच बदलून कोण मोकळा आणि कोण बंद हे आपण ठरवू शकतो.

इथवर एमएस्सीचा कोणताही विद्यार्थी सांगतो. पुढे विचारावं, ‘मग पीएच 10.5 ला कोण जास्त मोकळा?’ हिशेब करून उत्तर येतं: बी1 जवळजवळ शंभर टक्के, ए1 99 टक्के, बी29 जेमतेम 17 टक्के. आणि तरीही कारखान्यात पीएच 10.5 च्या आसपासच काम करतात, कारण तिथे जिंकतो तो बी29. जो सर्वांत कमी मोकळा आहे तो जिंकतो. इथे बहुतेकांची गाडी अडते, आणि माझ्या मते या प्रकरणाचा खरा गाभा हाच आहे.

मोकळं असणं हा हिशेबाचा अर्धा भाग. मोकळा झालेला अमीन किती जोरानं हल्ला करतो हा दुसरा अर्धा. आणि ज्याचा पीकेए जास्त, तो प्रोटॉनला जितका घट्ट धरतो तितकाच एस्टरच्या कार्बनवरही जोरात जातो. लॉगरिदमच्या आलेखावर पीकेए आणि वेग यांची सरळ रेषा येते. तिला ब्रॉन्स्टेड रेषा म्हणतात. तिचा ढाळ एकापेक्षा कमी असतो, आणि सगळी गंमत त्या ‘एकापेक्षा कमी’त आहे.

हिशेबापुरता ढाळ 0.6 धरू. तो काही इन्सुलिनवर मोजलेला आकडा नव्हे, चित्र दिसावं म्हणून घेतलेला. बी1 आणि बी29 च्या पीकेएत 4.1 चा फरक. 4.1 गुणिले 0.6 म्हणजे 2.46, म्हणजे मोकळा बी29 मोकळ्या बी1 पेक्षा सुमारे 288 पट जोरदार. ए1 बी1 पेक्षा सहा पट. आता प्रत्येक पीएचला ‘किती मोकळा’ गुणिले ‘किती जोरदार’ केलं की कोणाच्या वाट्याला किती येतं ते दिसतं:

| पीएच | बी1 | ए1 | बी29 |
|---|---|---|---|
| 6.5 | 71% | 27% | 2% |
| 7.5 | 49% | 47% | 4% |
| 8.5 | 20% | 69% | 12% |
| 9.5 | 8% | 46% | 46% |
| 10.5 | 2% | 11% | 87% |
| 11.2 | 1% | 4% | 95% |

आकडे कागदावरचे आहेत. प्रत्यक्षात रेणूची घडी, शेजारचे विद्युतभार, कुठला अमीन किती झाकलेला, हे सगळं त्यात मिसळतं. बी29 चा अमीन साध्या सरळ कार्बनावर बसलेला, बाकीचे दोघे साखळीच्या मुळाशी, म्हणून त्याला आणखी थोडा फायदा. पण चित्राची दिशा प्रयोगशाळेत दिसते तीच आहे.

तक्त्यातल्या मधल्या ओळीकडे जरा थांबून पाहण्यासारखं आहे. अमीनला खूण लावायच्या तयार किटच्या माहितीपत्रकात पीएच साधारण 7.2 ते 8.5 लिहिलेला असतो. बहुतेक प्रथिनांना तो चालतो. इन्सुलिनला मात्र 8.5 म्हणजे नेमका वाईट मुक्काम: सर्वांत मोठा वाटा ए1 ला, म्हणजे जिथे हात लावायचा नाही तिथेच. माहितीपत्रक पाळून इन्सुलिनवर रंगद्रव्य चढवणारा, आणि मग ‘क्रिया का कमी झाली’ म्हणून डोकं खाजवणारा संशोधक मला सहज डोळ्यांसमोर येतो.

दुसरी गोष्ट खालच्या टोकाची. पीएच कमी कमी करत गेलं तर बी1 शुद्ध मिळेल असं वाटतं. तसं होत नाही. पीएच सगळ्यांच्या पीकेएच्या बराच खाली गेला की तिघेही प्रत्येक एककाला दहा दहा पटीनं बंद होत जातात, त्यामुळे त्यांचं आपसातलं प्रमाण गोठतं. वरच्या हिशेबात बी1 ला ए1 वर जास्तीत जास्त सव्वातीन पटीची आघाडी मिळते, मग पीएच 6 असो वा 4. पुढे फक्त क्रिया मंदावते. वरच्या टोकाला मात्र बी29 ला 48 पटीपर्यंत आघाडी मिळू शकते, कारण तिकडे ढाळ त्याच्या बाजूनं आहे. म्हणून पीएचच्या जोरावर लायसिन निवडणं सोपं, आणि दोन अल्फा-अमीनमधून एक निवडणं जिकिरीचं.

मग पीएच 12 का नको?

तक्ता पाहून कोणीही म्हणेल, 11.2 ला 95 टक्के मिळतात तर आणखी वर जाऊ. तिथे दुसरी लढाई सुरू होते.

सक्रिय एस्टर म्हणून साधारण वापरतात तो एन-हायड्रॉक्सिसक्सिनिमाइडचा, बोलण्यात एनएचएस एस्टर. त्याचं पाण्याशीही वैर आहे. पीएच 7 ला, बर्फाच्या तापमानाला तो अर्धा संपायला चार-पाच तास लागतात. पीएच 8.6 ला, 4 अंशांवर, दहा मिनिटं. त्याच्या वर तो आणखी झपाट्यानं जातो. म्हणजे पीएच वाढवला की लायसिन जागा होतो आणि त्याच वेळी अभिकारक पाण्यात वाया जाऊ लागतो. वाया गेलेल्या एस्टरमधून सुटतं मेदाम्ल, म्हणजे साबणच. तो पीएच खाली ओढतो, फेस करतो, आणि पुढे शुद्धीकरणाच्या स्तंभात चिकटून बसतो. एस्टर टाकताना पीएच धरून ठेवायला अल्कली थेंबाथेंबानं सोडत राहावं लागतं ते यासाठी.

इन्सुलिनलाही जास्त अल्कली सोसत नाही. डायसल्फाइड बंध तुटून भलतेच जुळायला लागतात. बी3 जागचं ॲस्परॅजिन आपला अमाइड गमावतं. हे बदल एका रात्रीत सगळा घाणा बिघडवतात असं नाही, पण औषधाच्या शुद्धतेच्या निकषात अर्धा टक्काही मोजला जातो. म्हणून 10.5 च्या आसपास, तापमान आटोक्यात ठेवून, आणि वेळ मोजून. क्रिया उरकली की लगेच आम्ल टाकून पीएच खाली आणायचा.

चार टायरोसिनही आहेत: ए14, ए19, बी16, बी26. त्यांच्या फिनॉलचा पीकेए दहाच्या आसपास, म्हणजे 10.5 ला तेही जागे झालेले. एस्टर त्यांच्यावरही जातो. पण तिथे तयार होतो तो एस्टर बंध, आणि अल्कलीत तो टिकत नाही. टिकलाच तर हायड्रॉक्सिलअमीन देऊन काढता येतो. बी5 आणि बी10 च्या हिस्टिडिनवर बसलेला गट तर पाण्यानंच सुटतो. अमाइड मात्र एकदा झाला की झाला. ही टिकण्या-न टिकण्यातली निवडकता पाठ्यपुस्तकात फारशी सापडत नाही, कामाला मात्र भरपूर येते.

विद्रावकाची अडचण त्याहून ढोबळ आहे. इन्सुलिनला पाणी लागतं, चौदा कार्बनच्या एस्टरला पाणी चालत नाही. म्हणून अर्धं पाणी, अर्धं एन-मिथाइलपायरोलिडोन किंवा ॲसिटोनायट्राइल असलं मिश्रण घेतात. इन्सुलिन पीएच 5.3 च्या आसपास साफ अविद्राव्य असतं, 10 च्या वर मात्र छान विरघळतं, तेवढी कृपा. पण मिश्र विद्रावकात पीएच मीटर जो आकडा दाखवतो तो खरा पाण्यातला पीएच नसतो. अमीनचे पीकेएही तिथे सरकलेले असतात. त्यामुळे एका कृतीतला 10.5 उचलून वेगळ्या विद्रावकात वापरला की निकाल बदलतो, आणि मग बिचाऱ्या बफरवर संशय येतो. आकड्याबरोबर विद्रावकाचं प्रमाण लिहिलेलं नसेल तर तो आकडा मी तरी अर्धवटच मानतो.

शेवटी प्रमाण. एस्टर इन्सुलिनच्या जेमतेम बरोबरीनं किंवा किंचित जास्त, आणि एकदम न ओतता सावकाश. जास्त टाकला की बी29 भरल्यावर उरलेला ए1 कडे वळतो आणि दोन शेपटांचं इन्सुलिन तयार होतं. ते वेगळं काढता येतं, पण तेवढा माल गेला.

कुठे जोडलं गेलं हे कळणार कसं?

मास स्पेक्ट्रोमीटरवर 30 वं थ्रिओनिन नसलेलं इन्सुलिन साधारण 5706 ला दिसतं, आणि एक शेपूट लागलं की 5917 ला. फरक 210. एक शेपूट लागलं एवढं त्यावरून सिद्ध झालं. ए1 वर लागलं तरी 5917 च, बी1 वर लागलं तरी तेच. नुसतं वजन जागा सांगत नाही, आणि एवढ्या पुराव्यावर ‘निवडक बदल केला’ असं लिहिणारे प्रबंध आजही दिसतात.

जागा सांगायला प्रथिन कापावं लागतं, आणि इथे इन्सुलिन मोठं सोयीचं आहे. स्टॅफिलोकॉकस जिवाणूचं व्ही8 नावाचं विकर ग्लुटामिक आम्लानंतर कापतं. इन्सुलिनमध्ये ग्लुटामिक आम्लं चार: ए4, ए17, बी13, बी21. कापल्यावर तुकडे पडतात चार, कारण डायसल्फाइड बंध काही तुकडे जोडून ठेवतात. पहिला तुकडा ए1 ते ए4: ग्लायसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन, ग्लुटामिक आम्ल. दुसरा ए5 ते ए17 आणि बी1 ते बी13 मिळून. तिसरा ए18 ते ए21 आणि बी14 ते बी21 मिळून. चौथा बी22 पासून शेवटापर्यंत. आता तिन्ही अमीन कुठे गेले ते पाहा. ए1 पहिल्या तुकड्यात, बी1 दुसऱ्यात, बी29 चौथ्यात. तिघे तीन वेगळ्या तुकड्यांत! तिसऱ्या तुकड्यात कोणीच नाही, तो आपोआप तुलनेसाठी उरतो.

म्हणजे उत्तर एका धावेत मिळतं. चौथा तुकडा, आर्जिनिनपासून लायसिनपर्यंतची आठ अमिनो आम्लं, शेपटाशिवाय 1014.5 चा असतो. डेटेमिरमध्ये तो 1224.7 ला जातो, आणि एचपीएलसीच्या (मिश्रणातले घटक स्तंभातून वेगळे करायच्या तंत्राच्या) तेलकट स्तंभात इतका रेंगाळतो की बाकीचे तुकडे केव्हाच बाहेर पडलेले असतात. ग्लायसिनचा छोटा तुकडा जागच्या जागी, 416 लाच, दिसला पाहिजे. त्याच्यापाशी 626 चं एखादं लहानसं शिखर डोकं वर काढत असेल, तर ए1 ला काही माल गेलेला आहे आणि पीएच किंवा प्रमाण पुन्हा पाहायला हवं. मला तरी या सगळ्या प्रकरणात हीच चाचणी सर्वांत देखणी वाटते.

दुसऱ्या वाटा

पीएचच्या जोरावर काम करण्याआधी रसायनज्ञ अशा वेळी झाकण घालत. दोन अमीनवर बॉक गट बसवायचे, तिसऱ्यावर हवं ते करायचं, मग ट्रायफ्लुओरोॲसिटिक आम्लानं झाकणं उडवायची. डायमिथाइल सल्फॉक्साइडमध्ये ट्रायएथिलअमीन घालून बॉक अनहायड्राइड बेतानं दिलं, तर ते मुख्यतः ए1 आणि बी29 वर बसतं आणि बी1 मोकळा राहतो. वरच्या तक्त्यातून हेच निघतं: अल्कली बाजूला बी1 सर्वांत मागे. त्यामुळे बी1 शुद्ध हवा असेल तर पीएच खाली नेत बसण्यापेक्षा, वर जाऊन बाकीच्या दोघांना झाकणं हा खात्रीचा मार्ग. प्रयोगशाळेत मिलिग्रॅममध्ये काम असेल तर तो आजही चांगला. टनाच्या हिशेबात दोन जादा पायऱ्या, प्रत्येकीतली गळती आणि एक दाहक आम्ल कोणाला परवडत नाही. बी29 साठी तर झाकणांची गरजच नाही. 1990 च्या दशकात एली लिलीच्या रसायनज्ञांनीही लायसिनच्या अमीनला झाकणांशिवाय, अल्कलीच्या जोरावर निवडण्याचं पेटंट घेतलं होतं.

खालच्या पीएचची बाजू उपयोगी पडते ती दुसऱ्या प्रकारच्या प्रथिनात. पेगफिलग्रास्टिम हे कर्करोगाच्या केमोथेरपीनंतर पांढऱ्या पेशी वाढवण्यासाठी देतात, अमेरिकेत 2002 मध्ये मंजूर झालेलं. 175 अमिनो आम्लांच्या या प्रथिनात साखळीच्या सुरुवातीचा मेथिओनिनचा अमीन एक आणि लायसिनं चार. तिथे 20 किलोडाल्टनचा पॉलिएथिलिन ग्लायकॉलचा धागा फक्त सुरुवातीला हवा होता. पीएच 5 ठेवला, एनएचएस एस्टरऐवजी अल्डिहाइड घेतला, आणि सोडियम सायनोबोरोहायड्राइडनं तो बंध पक्का केला. पीएच 5 ला चारही लायसिनं घट्ट बंद, आणि ज्या काही थोड्या रेणूंत अल्फा-अमीन मोकळा असतो तिथेच क्रिया होते. वर म्हटलेला गोठलेला भाग इथे अडचण करत नाही, कारण प्रतिस्पर्धी दुसरा अल्फा-अमीन नाहीच. साखळी एकच. तीच कृती इन्सुलिनवर पीएच 5 ला करायला गेलं तर ते तळाशी बसेल, आणि विरघळवलंच तर ए1 आणि बी1 दोघेही हजर.

किंमत

डेटेमिरचं रसायन स्वच्छ जमलं, पण शेपटाची किंमत मोजावी लागली. शेपूट लागलेलं इन्सुलिन बहुतांश वेळ अल्ब्युमिनला चिकटलेलं असतं, 98 टक्क्यांहून जास्त, आणि ग्राहीलाही तितकं घट्ट बसत नाही. मानवी इन्सुलिनच्या एका युनिटात 6 नॅनोमोल रेणू असतात. डेटेमिरच्या एका युनिटात 24 घालावे लागतात. चौपट माल. रुग्णाला कुपीवर 100 युनिटच लिहिलेलं दिसतं, हा हिशेब आतला.

पुढची आवृत्ती इन्सुलिन डेग्लुडेक. जागा तीच, बी29, थ्रिओनिनही तसंच गाळलेलं, जोडणीचं रसायनही त्याच घराण्यातलं. बदललं ते शेपूट: सोळा कार्बनचं, दोन्ही टोकांना आम्ल असलेलं, आणि मध्ये ग्लुटामिक आम्लाचा दुवा. टोचल्या जागी त्याच्या षटकांच्या (सहा-सहा रेणूंच्या गटांच्या) लांब माळा होतात आणि त्यातून इन्सुलिन हळूहळू सुटतं. एका युनिटात पुन्हा 6 नॅनोमोलवर आलं, आणि अर्धायुष्य 25 तासांच्या आसपास गेलं. दरम्यान डेटेमिरची सद्दी संपत आली. अमेरिकेतून ते काढून घेत असल्याचं नोव्हो नॉर्डिस्कनं 2023 मध्ये जाहीर केलं आणि 2024 अखेर तिथली विक्री थांबवली. आठवड्यातून एकदा घ्यायच्या इन्सुलिन आयकोडेकमध्येही, ज्याला युरोपात 2024 मध्ये मंजुरी मिळाली, वीस कार्बनचं शेपूट बी29 वरच आहे.

त्याच कंपनीच्या लिराग्लुटाइडमध्ये मात्र अटी बदलून भागलं नसतं. तो जीएलपी-1 या संप्रेरकाचा भाऊ. मूळ संप्रेरकात लायसिनं दोन आहेत, 26 आणि 34 जागी. शेपूट फक्त 26 ला हवं. दोन्ही लायसिनांचे पीकेए जवळपास सारखे, त्यामुळे पीएचचा खेळ इथे चालत नाही. तक्त्याचं गणित पीकेएतल्या फरकावर चालतं, आणि फरकच नसला तर कोणता बफर काय करणार? म्हणून 34 वं लायसिन बदलून आर्जिनिन केलं. आर्जिनिनही धनभारित आहे, त्यामुळे रेणूचा तोल फार बिघडत नाही. पण त्याचा पीकेए इतका वर आहे की असल्या पीएचला तो एस्टरकडे पाहतही नाही. यीस्टमध्ये घातलेल्या जनुकात तीन अक्षरांचा एक शब्द बदलला आणि एक प्रतिस्पर्धी कायमचा गेला. उरला साखळीच्या सुरुवातीचा हिस्टिडिनचा अल्फा-अमीन. त्याच्याविरुद्ध 26 व्या लायसिनला जिंकवायला पुन्हा पीएच दहाच्या वरच न्यावा लागतो. मुंबईच्या ग्लेनमार्कनं जानेवारी 2024 मध्ये लिराग्लुटाइडची भारतीय आवृत्ती बाजारात आणली. तिच्याही रेणूत सोळा कार्बनचं शेपूट त्याच 26 व्या लायसिनवर आहे आणि 34 जागी आर्जिनिन.